दोनशे बार हवा

सुप्याच्या एमआयडीसीतून शुक्रवारी रात्री गाडी हलते तेव्हा तुमच्या अंगात अजून कंपनीचा शर्ट आहे. पाळी संपवून तुम्ही थेट गाडीत चढला आहात. मागच्या सीटवर भेळेचा पुडा फिरतोय आणि शिरूर यायच्या आत निम्मी गाडी घोरायला लागली आहे. तुमचा हा क्लब एरवी डोंगरातला. कळसूबाई झालं, रतनगड झाला, हरिश्चंद्रगड तर दोन वेगवेगळ्या वाटांनी झाला. या वेळी कुणाच्या तरी डोक्यातून टूम निघाली, की चढून झालं, आता समुद्राच्या तळाशी उतरू. फॉर्मवर ‘पोहता येतं का’ या प्रश्नापुढे तुम्ही बेधडक ‘हो’ लिहिलंत. ते खोटं नाही. पारनेर तालुक्यातली पोरं शिकतात तसंच तुम्हीही शिकलात: विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून, मामाने वरून ढकलून दिल्यावर. फक्त त्या विहिरीचा मार्चनंतर तळ दिसायचा.

पुणे, सातारा, कोल्हापूर झोपेतच मागे पडतात. जाग येते ती फोंडा घाटात, कानांना दडे बसल्यामुळे. गाडी वळणं घेत खाली उतरते आणि आवंढा गिळला की कानात टक् होतं. या आवाजाकडे एरवी कुणी लक्ष देत नाही. आज द्या.

मालवणच्या धक्क्यावर सकाळी हवा दमट आहे आणि सुक्या मासळीचा वास नाकात बसलाय. समोर पाण्यात सिंधुदुर्ग. होडी किल्ल्याला वळसा घालून मागच्या अंगाला जाते, नांगर पडतो, आणि पंचविशीतला एक मालवणी पोरगा तुमच्या पुढ्यात सामान मांडायला लागतो. मास्क, फिन्स, जॅकेट, तोंडात धरायचा रेग्युलेटर, बारा लिटरचा सिलिंडर. सिलिंडरात २०० बार दाबाची हवा आहे. ऑक्सिजन नव्हे, साधी हवा. निम्म्या लोकांचा हा गैरसमज त्याला रोज दूर करावा लागतो. शेवटी तो तुमच्या कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा आवळतो. माणूस आपणहून बुडत नाही, त्याला बुडवायला शिसं लागतं.

“घाबरू नकात. तोंडान श्वास घेवा, नाकान नाय,” तो सांगतो. “कान दुखाक लागले तर हात असो हलवा, नाक धरून फुंका. आणि अंगठो वर केल्यात तर ‘बरा आसा’ असो अर्थ होत नाय. ‘माका वर न्हेवा’ असो होता.”

तुम्ही सवयीने अंगठा वर करता. तो हसतो, तुमची बोटं धरून अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करून दाखवतो. ही खूण ‘ठीक’ची.

मग पाठमोरे पाण्यात.

पहिला श्वास घ्यायला छाती तयारच होत नाही. तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा नसतो, हे विहिरीने तुम्हाला इतकं पक्कं शिकवलंय की डोकं ‘घे’ म्हणतं आणि छाती ‘नको’. तो मालवणी पोरगा, आता तुमचा ‘दादा’, तुमच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरतो: माझ्याकडे बघा. तुम्ही बघता. हवा येते, कोरडी, किंचित रबराच्या चवीची, आणि बुडबुडे कानाजवळून खडखडत वर जातात. दुसरा श्वास सोपा असतो.

खाली उतरताना आधी लाल रंग जातो. तुमच्या मनगटावरचा तांबडा गंडा तपकिरी दिसू लागतो, मग काळा. सगळं जवळ आणि मोठं दिसतं. आवाज येतात पण कुठून ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो. चार मीटरवर कान ठणकतो. नाक धरून फुंकता. टक्. घाटातलाच आवाज. अख्खा घाट उतरताना कानाला जेवढा फरक सोसावा लागला, तो पाण्यात अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच भरून निघतो, कारण दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो.

दादा प्रेशर गेज तुमच्यासमोर धरतो. १७०. यापुढे वेळ घड्याळावर मोजायची नाही, या काट्यावर मोजायची. काटा ५० वर आला की कुठेही असा, कुठल्याही सालात असा, वर यायचं. हा नियम सगळ्या जगातल्या डायव्हरांचा आहे.

पाण्याला ओढ आहे. ती तुम्हाला खडकाच्या कडेने सरकवत नेते आणि तळाचा रंग पालटतो.

खालची प्रवाळं पांढरी पडली आहेत. हा २०१५ सालचा डिसेंबर. समुद्र नेहमीपेक्षा तापलाय, आणि प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ त्याने बाहेर टाकलं आहे. रंग त्या शेवाळाचाच होता. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाही तर जातं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणच्या पाण्यातल्या या पांढरेपणाची नोंद केली. जवळ जा, पण हात लावू नका. एका गोलसर दगडासारख्या प्रवाळाचा अर्धा भाग अजून तपकिरी आहे, आणि त्यावरची तोंडं उघडी आहेत. हे गोनिओपोरा. प्रत्येक तोंडाभोवती चोवीस मऊ बोटं, पाण्याबरोबर डुलणारी. तुमच्या फिनचा नुसता झोत लागतो आणि हातभर पट्ट्यातली सगळी बोटं एका झटक्यात आत जातात. इथली कितीतरी दगडी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. तुमच्या गुडघ्याएवढं प्रवाळ साधारण तुमच्या वडिलांच्या वयाचं असतं.

काटा १४०. वर या. हळू, स्वतःच्या बुडबुड्यांना मागे न टाकता.

डोकं पाण्याबाहेर काढता आणि किल्ला नाही.

बेट आहे. काळे खडक, त्यावर खुरटी झुडपं. हे कुरटे बेट, आणि दिवस २५ नोव्हेंबर १६६४. किनाऱ्यावर माणसांची दाटी दिसते. तिथल्या एका खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरले आहेत आणि त्याच्यापुढे पूजा चालली आहे. त्या खडकाला पुढे मोरयाचा धोंडा म्हणतील. तुम्ही आज सकाळी त्याच्याजवळून गेलात आणि फोनमध्ये बघत होतात.

एक हात तुमच्या जॅकेटची पट्टी धरून तुम्हाला लाकडी होडीत ओढतो. उघडा, काळा, खारवलेला माणूस. तुमच्या सिलिंडरकडे बघून त्याला फारसं नवल वाटत नाही. दर्यातून काय काय वर येतं ते त्याने पाहिलेलं असावं.

“खयसून इलंस रे?”

“घाटावरून.”

एवढंच सांगा. गावाचं नाव घेऊ नका. नगरचा मुलूख या साली मोगलांचा आहे, आणि शहाजीराजांच्या जहागिरीतलं जे सुपं इथले लोक ओळखतात ते बारामतीकडचं. खुलासा करत बसलात तर हेर ठराल.

पण घाटावरचे तुम्ही एकटेच नाही. किनाऱ्यावर पूजेला उभे आहेत ते शिवाजीराजेही घाटावरचेच. जन्म शिवनेरीचा, म्हणजे तुमच्या पारनेरला लागून असलेल्या जुन्नरातला. डोंगरात वाढलेला हा माणूस १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर आरमाराच्या मागे लागला. याच वर्षी जानेवारीत सुरत झाली, पैसा आला, आणि आता तो पैसा समुद्रात ओतायचा आहे. हे बेट त्यांना दाखवलं इथल्या कोळ्यांनी आणि गाबितांनी. कुठे खडक पाण्याखाली दबा धरून आहेत, कुठून गलबत आत शिरेल आणि कुठे फुटेल, हे त्यांनाच ठाऊक. त्याबद्दल त्यांना गावं इनाम मिळाली असं सांगतात. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याला समुद्र माहीत नव्हता त्याने माहीत असणाऱ्याला विचारलं.

भरती येते, सुकती लागते. दर पालटीला महिने सरू लागतात. बेटावर आता कामगारांची गर्दी आहे. तीन हजार मजूर, पाचशे पाथरवट, दोनशे लोहार असे आकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. कामावर देखरेख हिरोजी इंदुलकरांची. चुन्याचा भपकारा, छिन्नीचा आवाज, खारा वारा. तुम्ही पाळ्यांमध्ये काम करणारा माणूस, तेव्हा एक गोष्ट लगेच तुमच्या लक्षात येते: इथे भोंगा नाही. पायाचं काम फक्त सुकतीला करता येतं, आणि सुकती दररोज पन्नासएक मिनिटं उशिरा लागते. आज पहाटे तर आठवड्याने दुपारी. इथली पाळी चंद्र बदलतो. त्यातही उधाणाच्या दिवसांत पाणी खूप आत हटतं, भांगाला फारसं हटतच नाही, म्हणजे महिन्यातले मोजकेच दिवस खरं खोल काम होतं.

होडीवाला तुम्हाला खडकावर उतरवतो. भट्टीत शिसं वितळलंय. ३२७ अंशांना शिसं पातळ होतं हे तुम्ही जाणता, पण इथे थर्मामीटर नाही. एक म्हातारा भट्टीवर झुकून रसाची साय बघतो आणि मान हलवतो: अजून नाही. पाथरवटाने खडकात खाच पाडली आहे आणि तिच्यात समुद्राचं पाणी साचलंय. आधी ते फडक्याने टिपून घेतात. मग खाचेत निखारे घालतात. खडक तापून कोरडा ठणठणीत होईपर्यंत कुणी शिशाला हात लावत नाही, कारण ओल्या खाचेत रस पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं ओतणाऱ्याच्याच तोंडावर उसळतं. निखारे काढले, राख फुंकली, दगड बसवला. म्हातारा आता मान डोलावतो. रस चांदीसारखा चकाकत खाचेत उतरतो, कडेने धुरकट होतो आणि बघता बघता निस्तेज पडतो. तोवर पाण्याची पहिली जीभ खडकाच्या कडेला लागली आहे. सगळे हत्यारं उचलतात.

असं पाच खंडी शिसं या पायात गेलं, अशी परंपरा सांगते. तुमचा हात नकळत कमरेच्या पट्ट्याकडे जातो.

तहान लागली असेल. बेटावर गोड पाणी आहे. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये पिण्यायोग्य विहिरी. दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर ही नावं आजही टिकून आहेत. बेटांवर असं घडतं: पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर थर धरून राहतं. उपसा जास्त केला तर खालचं खारं वर येतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातून तुम्ही आला आहात, तुम्हाला हे उपशाचं गणित समजावून सांगायला नको.

मधेच एक दिवस, १६६५ च्या फेब्रुवारीत, क्षितिजापर्यंत शिडं उभी राहतात. ८५ लहान गलबतं आणि तीन मोठी जहाजं. कारवारच्या इंग्रजांनी हा आकडा नोंदवून ठेवला आहे. राजे स्वतः जहाजावर आहेत. स्वारी दक्षिणेला बसरूरवर. बसरूर लुटलं गेलं, पण समुद्रमार्गे राजांनी जातीने केलेली ही एकच मोठी मोहीम. शिडं दिसेनाशी झाली की तुमच्या होडीवाल्याचा नांगर खडकात अडकतो. तो काही बोलत नाही. एक लांब श्वास घेतो आणि पाण्यात शिरतो. मास्क नाही, फिन्स नाहीत. तुम्ही तुमच्या काट्याकडे बघता: ९५. दोर हलतो, सैल पडतो, आणि बऱ्याच वेळाने माणूस वर येतो, नाकातून पाणी शिंकरत. पाण्याखाली श्वास घ्यायचं तुमच्या पाठीवरचं हे यंत्र कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये बनवलं. त्याला अजून पावणेतीनशे वर्षांहून जास्त अवकाश आहे, आणि या माणसाला त्याची वाट बघायची गरज दिसत नाही.

१६६७ पर्यंत तट पुरा होतो. ४८ एकरांच्या बेटाला नागमोडी वेढा. पुढची शतकं आपण भराभर सोडून देऊ: १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी आत शिवराजेश्वराचं देऊळ बांधलं; १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि वर्षभरात सोडलाही; १८१२ च्या तहाने मालवण कायमचं त्यांच्याकडे गेलं. किल्ल्याबद्दल वाचायला पुष्कळ मिळेल. तुम्ही पाण्यात परत जा.

या खेपेला खोल जाऊ लागता तसं पाणीच संपतं.

पाय वाळूत टेकतात आणि तुम्ही उभे राहता. पाणी नाही, झाडोरा आहे, वारा आहे, आणि समुद्राची गाज कुठेच नाही. साल मोजायला कुणी नाही, पण आजपासून वीस हजार वर्षं मागे आला आहात. ध्रुवांकडे बर्फाचे प्रचंड थर साठले आहेत, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली आहे आणि कोकणचा किनारा पश्चिमेला क्षितिजापलीकडे गेला आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, आज पाण्याखाली वीसेक मीटरवर असलेलं अँग्रिया बँक नावाचं प्रवाळांनी भरलेलं पठार (नाव कान्होजी आंग्र्यांवरून) या वेळी उघडं, कोरडं आहे. पूर्वेला सह्याद्री आहे तसाच. आणि घाटाच्या वर, तुमच्या सुप्याखालचा काळा कातळही आहे तसाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला तेव्हापासून तो तिथे आहे, वीस हजार वर्षांची त्याला काय पत्रास. सिलिंडर पाठीवर जड लागतो. जमिनीवर त्याचा काही उपयोग नाही, पण काटा मात्र उतरत राहतो.

५०.

वर चला. या वेळी अंगठा बरोबर आहे.

पाणी परत येतं, किल्ला परत येतो, आणि दादाचा हात तुमच्या जॅकेटच्या पट्टीवर तसाच आहे. होडीत बसल्यावर तो सांगतो, की त्याचे आजोबा रापणीचं जाळं ओढायचे. वडील होडी घेऊन मासे मारायचे, पण पर्ससीन जाळीवाले आणि एलईडी दिवेवाले आल्यापासून किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही. त्याने डायव्हिंगचं प्रमाणपत्र घेतलं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, तेव्हा इथल्या मच्छीमारांनी जोरदार विरोध केला होता. आमचा धंदा बंद होईल, ही त्यांची भीती. ती खोटी म्हणता येत नाही. कागदावर रेषा ओढणाऱ्यांनी त्यांना विचारलंच नव्हतं. आज त्यांचीच मुलं प्रवाळ दाखवून पोट भरतात आणि प्रवाळ राहिलं पाहिजे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

म्हणूनच थोडं कडू बोलतो. पाण्याखालच्या फोटोत मासे भोवती यावेत म्हणून पाव कुस्करून टाकायचा आग्रह पर्यटकच धरतात. माशांना पावाची चटक लागते आणि खडकावरचं शेवाळ खायचं त्यांचं काम राहून जातं. ते शेवाळ मग प्रवाळावर चढतं. हंगामाच्या गर्दीत एकाच खडकावर दहा होड्या नांगर टाकतात. पाच मिनिटांत खाली, फोटो, वर, पुढचा गडी, हा प्रकार स्वस्त पडतो आणि त्यात कान फुटायची शक्यता सर्वांत जास्त. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. खरी आवड असेल तर चार दिवस काढून प्राथमिक कोर्स करा, १८ मीटरपर्यंत जायला मोकळे व्हाल. आणि धोका फक्त खोल पाण्यातच असतो असं समजू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात हवं. ते नसेल तर होडीत चढू नका, पैसे भरले असले तरी.

घाटावरच्यांसाठी आणखी एक सूचना, जी कोकणी माणसाला कधी लागत नाही. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच तुम्ही उंचावर गेलात, तर बाहेरचा दाब आणखी कमी होतो आणि नायट्रोजनचे बुडबुडे धरायची शक्यता वाढते. सांधे दुखतात, कधी त्याहून वाईट होतं. म्हणून एका बुडीनंतर विमानप्रवासाआधी निदान १२ तास आणि लागोपाठच्या बुड्यांनंतर १८ तास थांबा असा दंडक आहे, आणि तो सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी घालून दिलेला आहे. नगर शहरच साडेसहाशे मीटरवर आहे, आणि सुप्याला पोचायला आधी घाट चढावा लागतो. उथळ, पंधरा मिनिटांच्या बुडीला धोका फार थोडा, पण क्लबमधले प्रमाणपत्रवाले दोन-तीन बुड्या मारणार असतील तर हिशेब बदलतो. तुमच्या वेळापत्रकात शनिवारी किल्ला आणि रविवारी सकाळी डायव्हिंग, दुपारी जेवून परत, असं लिहिलं असेल तर ते उलटं करा. शनिवारी पाणी, रविवारी किल्ला, आणि मगच घाट.